लेथवर बांगड्यांचा स्टँड: मापापासून लाखेच्या चकाकीपर्यंत

बांगड्यांचा स्टँड फसतो तो बहुतेक वेळा मापात, नक्षीत नाही. दांडा थोडा जाड राहिला की घरातल्या निम्म्या बांगड्या त्यात जातच नाहीत. बैठक लहान राहिली की एका बाजूला डझनभर बांगड्या अडकवताच सगळं आडवं होतं. म्हणून या लेखात लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र, चालू करायच्या आधीच्या गोष्टींना मी बरीच जागा दिली आहे. दागिना आधी मोजायचा आणि लाकूड त्यानंतर कातायचं, हा क्रम सोडला नाही तर साधा स्टँडही वर्षानुवर्षं वापरात राहतो.

इथे सांगतोय तो स्टँड तीन भागांचा आहे: खाली गोल बैठक, तिच्यावर उभा खांब आणि खांबाच्या डोक्यावर आडवा दांडा. बांगड्या दांड्यावर दोन्ही बाजूंनी बसतात. बैठकीचा वरचा भाग उथळ ताटलीसारखा खोलगट ठेवला की अंगठ्या, कुड्या, पेचाच्या फिरक्या तिथे राहतात. लेथवर नव्याने हात बसवणाऱ्यासाठी हे काम चांगलं आहे. दांडा आणि खांब दोन टोकांमध्ये धरून कातायचे असतात, तर बैठक फेसप्लेटवर (लाकूड स्क्रूने धरणारी सपाट चकती) किंवा चकात (लाकूड जबड्यांनी पकडणारं साधन). दोन्ही पद्धती एकाच वस्तूत शिकून होतात.

आधी बांगडी मोजा

कासाराकडे बांगडीचा नंबर ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’ असा सांगतात आणि लिहिताना २.४, २.६ असं लिहितात. हा दशांश नाही. २.४ म्हणजे दोन इंच आणि वर एका इंचाचे चार सोळांश. म्हणून २.१० ही बांगडी २.८ पेक्षा मोठी असते. ही मापं बांगडीच्या आतल्या व्यासाची आहेत. मिलिमीटरमध्ये साधारण अशी: २.२ म्हणजे ५४, २.४ म्हणजे ५७, २.६ म्हणजे ६०, २.८ म्हणजे साडेत्रेसष्ट आणि २.१० म्हणजे जवळजवळ ६७. तरी नंबरावर विसंबू नका. काचेच्या बांगड्यांमध्ये एकाच डझनात थोडा फरक असतो, आणि पाटल्या, गोठ, तोडे यांचा आतला आकार पुष्कळदा नेमका गोल नसतो. घरातल्या सगळ्यात लहान बांगडीचं आतलं माप व्हर्नियरने दोन आडव्या दिशांनी घ्या आणि कमी येईल ते धरा.

या मापातून ५ मिलिमीटर वजा करायचे. तो झाला दांड्याच्या टोकाच्या कडेचा व्यास. घरात सगळ्यात लहान बांगडी २.२ असेल तर टोकाची कड ४९ मिलिमीटर. बांगड्या जिथे बसतात तो दांड्याचा भाग त्याहून ५ मिलिमीटर बारीक, म्हणजे ४४. टोकाला ही जराशी उंच कड हवीच. नाहीतर स्टँड उचलताना थोडा कलला की शेवटची बांगडी घसरते, आणि काचेची असेल तर तिथेच संपते. लहान मुलींच्या बांगड्या या दांड्यात बसवायचा हट्ट धरू नका. त्यांच्यासाठी बैठकीवर २५ मिलिमीटर जाडीची वेगळी खुंटी उभी करता येते.

आता लांबी आणि बैठक. दांडा २६० मिलिमीटर आणि बैठक १७० मिलिमीटर व्यासाची, हे प्रमाण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. कारण सोपं आहे. दांड्याची एक बाजू पूर्ण भरली आणि दुसरी रिकामी राहिली, तर त्या भाराचा मध्य खांबापासून साधारण ६५ मिलिमीटरवर येतो. बैठकीची कड ८५ मिलिमीटरवर आहे. म्हणजे भार बैठकीच्या आतच पडतो आणि स्टँड कलंडत नाही. दांडा लांबवायचा असेल तर बैठकही त्या हिशेबाने वाढवा. एका बाजूला मधला भाग आणि टोकाची कड सोडून सुमारे १०० मिलिमीटर जागा मिळते, त्यात काचेच्या बारीक बांगड्या दोन डझनांच्या आसपास मावतात. लग्नाच्या चुड्यासाठी एवढं पुरत नसेल तर दोन मजले करा, पण दोन दांड्यांमध्ये १२० मिलिमीटर अंतर ठेवा. लटकणाऱ्या बांगडीला जागा लागतेच, आणि ती काढणाऱ्या हातालाही.

लाकूड

वखारीत गेल्यावर बहुतेकांचा हात सागाकडे जातो. साग कातायला बरा आणि टिकायला उत्तम आहे, पण त्यात सिलिकाचे बारीक कण असतात. त्यामुळे टूलची धार लवकर बोथट होते. त्याची छिद्रंही मोठी, त्यामुळे लाखेचं काम त्यावर गुळगुळीत बसत नाही. सागावर चपड्याचं (शुद्ध केलेल्या लाखेच्या पापुद्र्यांचं) पॉलिश किंवा तेल लावायचं असेल तर मात्र खुशाल घ्या.

लाखेचा रंगीत दांडा करायचा असेल तर बारीक पोताचं लाकूड हवं. हेदू, शिवण आणि काळा कुडा ही तीन नावं मी आधी घेईन. हेदू पिवळसर असतो आणि कातताना त्याची साल, म्हणजे टूलखालून निघणारी पातळ पट्टी, एकसारखी निघते. शिवण हलकी असते आणि हवा बदलली तरी फारशी वाकत नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी ज्या पांढुरक्या लाकडातून होतात, ते हेच काळ्या कुड्याचं लाकूड. आंबा स्वस्त मिळतो आणि दिसतोही छान, पण त्याला भुंगेरा लागतो. लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर तो तुकडा घरात आणूच नका. बैठकीला मात्र जड लाकूड चांगलं: शिसव, बाभूळ किंवा साग. हलका दांडा आणि जड बैठक ही जोडी स्टँडला स्थिर ठेवते.

लाकूड वाळलेलं आहे की नाही, याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर होते. तुकड्यावर तारीख आणि वजन लिहा. दर आठवड्याला पुन्हा तोला. तीन-चार आठवडे वजन बदललं नाही तर लाकूड तिथल्या हवेशी जुळलं. कोकणात भर पावसाळ्यात जुळलेलं लाकूड एसीच्या खोलीत गेलं तर पुन्हा आक्रसतं, सांधा ढिला होतो, बैठकीला बारीक तडा जातो. सांध्यांची कामं शक्यतो दिवाळीनंतर घ्यावीत असं मी सांगतो ते यासाठीच. फांदीचा गोल ओंडका मिळाला तर त्याच्या मधला गाभा टाळून तुकडे काढा. गाभा आत राहिला की तडा जाणार हे धरून चाला. ओल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा फेविकॉलचा थर लावून ठेवला की टोकं आधी वाळून फाटत नाहीत.

कापून ठेवायचे तुकडे असे. दांड्यासाठी ५५ × ५५ × २९० मिलिमीटर. खांबासाठी ४० × ४० × २६० मिलिमीटर. बैठकीसाठी १८० मिलिमीटर चौरस आणि ४२ मिलिमीटर जाड फळी, तिचे कोपरे करवतीने उडवून जमेल तितकी गोल केलेली. दांडा आणि खांब यांत रेषा लांबीच्या दिशेने सरळ जायला हव्यात. खांबात तिरक्या रेषा असतील तर बारीक भागात तो एका धक्क्याने मोडू शकतो.

लेथ, टूल आणि जिवाची काळजी

मोठं मशीन लागत नाही. लेथच्या बेडच्या, म्हणजे खालच्या आडव्या पायाच्या, वर १०० मिलिमीटर मोकळी जागा, म्हणजे २०० मिलिमीटर व्यास फिरेल इतकी, आणि दोन सेंटरमध्ये (लाकूड दोन्ही टोकांनी धरणाऱ्या टोकदार भागांमध्ये) ३५० मिलिमीटर लांबी एवढं पुरे. टूलमध्ये गाउज, म्हणजे खोलगट पात्याच्या पटाश्या: कोपरे उडवायला रफिंग गाउज, दांडा-खांबासाठी स्पिंडल गाउज आणि बैठकीसाठी बोल गाउज; शिवाय खाचा घ्यायला पार्टिंग टूल आणि एक गोल नाकाचा स्क्रेपर. हात बसल्यावर स्क्यू, म्हणजे तिरक्या धारेची सपाट पटाशी, घ्या. एक सूचना गांभीर्याने पाळा: रफिंग गाउज बैठकीच्या कामावर कधीही वापरू नका. त्याचा मुठीत जाणारा भाग बारीक असतो. आडव्या रेषांचं मोठं लाकूड त्याला ओढून घेतं आणि टूल मोडू शकतं.

वेगाचा हिशेब तोंडपाठ ठेवा. लाकडाचा इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हे उत्तर ६००० ते ९००० च्या मधे यावं. सात इंची बैठकीला म्हणजे साधारण ८५० ते १२५० फेरे. दांड्याला हा नियम तीन हजारांच्या वर नेतो, पण मी १५०० ते २००० वरच थांबतो, काम तितकंच स्वच्छ होतं. चौकोनी किंवा अर्धवट गोल तुकडा असताना सुरुवात ६०० ते ८०० वर. लेथ सुरू करण्याआधी तुकडा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, टूल रेस्टला, म्हणजे टूल टेकवायच्या पट्टीला, कुठे लागत नाही ना.

चेहऱ्यावर पूर्ण फेस शील्ड हवं, नुसता चष्मा पुरत नाही. हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत, ओढणी, पदर, गळ्यातली चेन, मनगटावरचा दोरा, अंगठी, काही नको. केस लांब असतील तर घट्ट बांधून टोपीत. पॉलिश लावताना कापड वापरू नका, पेपर टॉवेल वापरा. फिरत्या लाकडात तो अडकला तर फाटतो. कापड बोटांसकट आत ओढलं जातं. सागाच्या आणि शिसवाच्या धुळीने काहींना खाज सुटते, काहींना दम लागतो. पॉलिश पेपर हातात घेण्याआधी एन-९५ मास्क तोंडावर चढलेला असावा.

दांडा: भोक आधी, गोलाई नंतर

खांबाचं डोकं दांड्यात बसतं. तिथे जे भोक लागतं ते दांडा चौकोनी असतानाच पाडायचं. गोल झालेल्या दांड्यावर ड्रिल सरकतं, भोक तिरकं होतं आणि मग तयार स्टँड कायम एका खांद्यावर झुकलेला दिसतो.

तुकड्याच्या एका बाजूवर लांबीचा आणि रुंदीचा मध्य काढा आणि खूण खोल ठोका. ड्रिल स्टँडवर आधी २५ मिलिमीटरच्या फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या) फक्त ६ मिलिमीटर खोल सपाट खड्डा पाडा. मग त्याच मध्यावर १६ मिलिमीटरच्या बिटने वरच्या पृष्ठभागापासून २५ मिलिमीटर खोल जा. मोठा बिट आधी, लहान नंतर. उलट केलंत तर मोठ्या बिटच्या टोकाला धरायला लाकूडच उरत नाही. या उथळ खड्ड्याचं काम महत्त्वाचं आहे: खांबाचा खांदा त्यात सपाट टेकतो. नाहीतर गोल दांडा आणि सपाट खांदा यांच्यामध्ये दोन बाजूंना फट दिसत राहते.

आता तुकडा दोन सेंटरमध्ये धरा. रफिंग गाउजने टेलस्टॉकच्या (लेथच्या सरकत्या, न फिरणाऱ्या बाजूच्या) टोकापासून थोडं थोडं घेत कोपरे उडवा. धार थेट लाकडात खुपसू नका. टूलची घासलेली उतरती बाजू आधी फिरत्या लाकडाला टेकवायची, काही कापलं जात नाही हे बघायचं, मग मूठ हळूहळू वर घ्यायची. एका क्षणी धार लागते आणि पातळ साल सुटायला लागते. आवाज खरखरीतून सळसळीकडे जातो. तोच कोन धरून पूर्ण अंगाने बाजूला सरका, नुसत्या मनगटाने नाही.

मधल्या भोकापाशी टूल क्षणभर हवेत कापतं, म्हणून तिथे हात अगदी हलका ठेवा. भोकात तात्पुरता लाकडी खुंटा ठोकून काम सोपं करायचा सल्ला ऐकायला मिळतो. तो खुंटा सुटला तर चेहऱ्याच्या दिशेने येतो, म्हणून भोक मोकळं ठेवलेलंच बरं.

मधोमध ४० मिलिमीटर लांबीचा भाग ५० मिलिमीटर व्यासाचा ठेवा. त्याचा मधला ३० मिलिमीटर भाग सरळ, कडा किंचित गोल. खांब इथेच बसणार आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पार्टिंग टूलने कॅलिपर (व्यास मोजायचा चिमटा) लावून ४५ मिलिमीटरपर्यंत चार-पाच खाचा घ्या आणि खाचांमधलं लाकूड गाउजने त्या मापाला आणा. उरलेला एक मिलिमीटर स्क्यूसाठी किंवा धार लावलेल्या गाउजच्या शेवटच्या पातळ हातासाठी. सरळपणा तपासायला लेथ बंद करून स्टीलची पट्टी दांड्यावर टेकवा आणि मागून उजेड धरा.

टोकाची ४९ मिलिमीटरची कड ८ मिलिमीटर रुंद पुरते. तिच्याकडे चढणारा उतार मात्र सौम्य हवा, १० ते १२ मिलिमीटर लांबीत. सरळ पायरी ठेवली तर बांगडी काढताना तिथे अडकते, माणूस झटका देतो आणि काच टिचते. बोट उतारावरून फिरवा. नखाला काही लागलं तर बांगडीलाही लागणार.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२० या क्रमाने. त्या वेळी टूल रेस्ट काढून ठेवा. प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवून रेषांच्या दिशेने हाताने दोन-चार हात मारा, म्हणजे गोल ओरखडे राहत नाहीत. मधला भोकाचा भाग फक्त हाताने घासा. फिरताना घासलात तर भोकाच्या कडा झिजून सांधा बेढब होतो. दांडा लेथवरून लगेच उतरवू नका. लाख लावायची असेल तर ती इथेच, दोन सेंटरमध्ये असतानाच लावायची.

बैठक

फळीची जी बाजू खाली जाणार, ती आधी समोर येईल अशी फेसप्लेटवर बसवा. स्क्रू वरच्या बाजूच्या त्या भागात मारावेत, जो पुढे खोलगट करताना निघून जाणार आहे, असं वाटेल. पण ताटली ६ मिलिमीटरच खोल आहे, तेव्हा स्क्रू ४ मिलिमीटरहून जास्त आत जाऊन चालत नाहीत, आणि एवढ्याशा स्क्रूवर जड फळी धरणं धोक्याचं. म्हणून फळीवर एक टाकाऊ गोल तुकडा मधे जाड कागद घालून फेविकॉलने चिकटवा आणि स्क्रू त्या तुकड्यात मारा. रात्रभर सुकू द्या. टेलस्टॉक शेवटपर्यंत टेकवून ठेवा.

बाहेरची कड गोल करा, मग खालची बाजू. ती मध्याकडे एखादा मिलिमीटर खोलगट हवी, म्हणजे बैठक कडेवरच टेकते आणि डगमगत नाही. मध्यात चकाच्या जबड्यांसाठी सुमारे ६० मिलिमीटर व्यासाचा, ५ मिलिमीटर खोल खड्डा काढा, भिंती जबड्यांच्या उताराप्रमाणे किंचित आत झुकलेल्या. खालची बाजू पूर्ण घासून घ्या. मग पटाशीने कागदाचा जोड उकला आणि बैठक उलटी करून चकात धरा.

वरच्या बाजूला खांबाभोवती ४० मिलिमीटर व्यासाचा सपाट ओटा तसाच ठेवायचा. ओटा आणि बाहेरची १२ मिलिमीटर कड यांच्यामध्ये ६ मिलिमीटर खोल ताटली बोल गाउजने कोरा. आडव्या रेषांच्या लाकडात बाहेरून आत कापत आलं की साल स्वच्छ निघते. ताटलीच्या तळाला कोपरा नको, सगळीकडे गोलाई ठेवा, नाहीतर बारीक कुडी बोटाने उचलता येत नाही.

आता टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक लावून ओट्याच्या मध्यात २० मिलिमीटरचं भोक २४ मिलिमीटर खोल पाडा, वेग ४०० ते ५०० वर आणून. लेथवर पाडलेलं भोक आपोआप बरोबर मध्यात आणि सरळ येतं, वेगळ्या ड्रिलवर ते साधायला फार कसरत पडते. खोली बिटवर टेप लावून ठरवा. खाली चकाचा खड्डा आहे, दोघांमध्ये ७ मिलिमीटर तरी लाकूड राहिलं पाहिजे.

बैठक आंब्यासारख्या हलक्या लाकडाची असेल तर खालच्या खड्ड्याच्या तोंडात बसेल अशी ५ मिलिमीटर जाड लोखंडी चकती अरल्डाइटने चिकटवता येते. तेवढ्या चकतीचं वजन १०० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि ते अगदी तळाशी पडतं. तिला आधी प्रायमर मारा, म्हणजे गंजाचा डाग ड्रेसिंग टेबलवर उतरणार नाही.

खांब

खांब गोल करून झाला की आधी दोन्ही टोकांचे कुसू काढा, म्हणजे भोकात बसणारे बारीक गोल दांडे. खालचा २० मिलिमीटर जाड, २२ लांब. वरचा १६ मिलिमीटर जाड, १८ लांब. दोन्ही टोकांना कुसूच्या पलीकडे १० मिलिमीटर लाकूड पूर्ण जाडीचं सोडा, नाहीतर सेंटरच्या दाबाने बारीक टोक फाटतं. भोकं एक-दोन मिलिमीटर जास्त खोल आहेत. ती जागा तळाशी जमणाऱ्या फेविकॉलसाठी.

मापाला २० नंबरचा आणि १६ नंबरचा पाना यासारखं साधन नाही. लेथ थांबवायचा, पाना कुसूवर घालून बघायचा. जरा जोर देऊन शिरला की थांबा. पान्याचं तोंड नंबरापेक्षा केसभर मोठं असतं, तेवढं पॉलिश पेपरने उतरवायचं. कुसू भोकात हाताच्या दाबाने जायला हवा. हातोडा लागत असेल तर जाड आहे, आणि आपोआप पडत असेल तर तो तुकडा बाजूला ठेवून नवा घेतलेला बरा. ढिला सांधा फेविकॉलने भरून निघत नाही.

कुसूंमधलं अंतर १९० मिलिमीटर. खालचा खांदा ३४ मिलिमीटर, वरचा २४, जेणेकरून तो दांड्यातल्या २५ मिलिमीटरच्या खड्ड्यात नीट बसेल. मधला आकार तुमचा, पण माझं मत स्पष्ट आहे: तळाशी एक मणी, डोक्याखाली एक खोबण आणि मधे एकच लांब उतार. हे पुरे. खांबावर दहा मणी ओवले की प्रत्येक खाचेत धूळ बसते आणि नजर दागिन्यावर जायच्या आधी लाकडावर अडकते. सगळ्यात बारीक भाग २० मिलिमीटरच्या खाली नेऊ नका.

बारीक भाग शेवटी काता. खांब थरथरायला लागला, लाकडावर नागमोडी रेघा उमटल्या तर टेलस्टॉकचा दाब थोडा कमी करा, धार नव्याने लावा आणि पातळ साल घ्या. वेग वाढवून ती थरथर जात नाही.

लाख किंवा चपडा

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं रंगवणारे हात पिढ्यानपिढ्या काम करत आले आहेत, आणि चन्नपट्टणला लेथवरच लाख चढवायची रीत आजही रोजची आहे. या रीतीत ब्रश नाही, सुकण्याची वाट बघणं नाही. लाख साधारण ७५ ते ८० अंशांना वितळते, आणि कोरडी कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणानेच तेवढी उष्णता तयार होते.

रंगीत लाखेची कांडी तयार मिळाली तर उत्तमच. नाहीतर लाख मंद आचेवर मऊ करून तिच्यात रंग मळायचा; पिवळ्यासाठी हळद आणि निळ्यासाठी नीळ हे जुने रंग आहेत. दांडा १५०० फेऱ्यांवर फिरू द्या. लाकूड पूर्ण कोरडं आणि धूळविरहित हवं. कांडी घट्ट दाबून एका टोकाकडून दुसरीकडे सावकाश न्या. आधी तुटक ठिपके आणि पट्टे उमटतात, थर जाड-पातळ दिसतो. घाबरायचं कारण नाही. आता वाळलेलं केवड्याचं पान घ्यायचं. त्याच्या दोन्ही कडांचे आणि मधल्या शिरेचे काटे आधी काढून टाकायचे, पान दुमडून पट्टी करायची आणि दांड्यावर दाबून सरकवायची. लाख पुन्हा गरम होते, पसरते आणि ठिपक्यांचा एकसंध थर होतो. बोटभर तेल पानाला लावून शेवटचा हात फिरवला की लाकडावर काचेसारखी चकाकी चढते. तो क्षण लेथसमोर उभं राहून बघण्यासारखा असतो. केवडा मिळाला नाही तर कठीण लाकडाची गुळगुळीत गोल कडेची पट्टी चालते, पण पानाची सफाई तिला नाही.

भोकावर आणि कुसूंवर लाख येऊ देऊ नका. त्यावर फेविकॉल धरत नाही.

साधं पॉलिश हवं असेल तर १०० ग्रॅम चपडा अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, गाळा आणि पेपर टॉवेलने पातळ थर द्या. तीन-चार थरांनी सागाचा रंग खुलतो. पण एक गोष्ट आधीच ठरवा. लाख आणि चपडा, दोन्ही स्पिरिटमध्ये विरघळतात. ड्रेसिंग टेबलवर अत्तर, परफ्यूम, सॅनिटायझर फवारलं जाणारच. एक थेंब पडला तरी चिकट डाग उमटतो. स्टँड अशा जागी राहणार असेल तर बैठकीला पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) लावा आणि लाख फक्त दांड्यावर ठेवा. अळशीचं तेल लावलंत तर ते पुसलेले कागद चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून पूर्ण वाळवा आणि मगच फेका.

जोडणी

टाकाऊ टोकं लेथ थांबवून करवतीने कापा आणि दांड्याची टोकं हाताने घासून त्यांवर चपड्याचा बोळा फिरवा. आधी फेविकॉलशिवाय सगळं जोडून बघा. बैठकीच्या रेषा दांड्याला समांतर ठेवा, नजरेला ते शांत दिसतं. समांतर बसलं की खांब आणि बैठक, खांब आणि दांडा या दोन्ही जोडांवर पेन्सिलीने बारीक खूण करा.

कुसूच्या अंगावर लांबीच्या दिशेने करवतीच्या पात्याने एक बारीक खाच ओढा. ती नसेल तर कोंडलेली हवा आणि फेविकॉल कुसू परत वर ढकलतात. फेविकॉल भोकात पातळ लावा, कुसूवर अगदी थोडा. आधी खांब बैठकीत, मग दांडा खांबावर. लगेच सपाट टेबलावर ठेवून दांड्याच्या दोन्ही टोकांची टेबलापासून उंची मोजा. फरक असेल तर पुढच्या पाच मिनिटांतच सुधारतो, नंतर नाही. वरून एखादं जाड पुस्तक ठेवून २४ तास हलवू नका.

कानातले आणि गळ्यातले

झुमक्यांसाठी याच पद्धतीने खांबावर आडव्या दांड्याऐवजी एक चकती बसवता येते. १२० मिलिमीटर व्यास, १२ मिलिमीटर जाड, कडेपासून १० मिलिमीटर आत ३ मिलिमीटरची भोकं, १५ अंशांवर एक अशी चोवीस. आकड्याचे झुमके त्यात छान लटकतात. फिरकीच्या कुड्या मात्र ताटलीतच बऱ्या. मोहनमाळ आणि मंगळसूत्रासाठी खुंटीचं डोकं किमान २० मिलिमीटर जाड आणि पूर्ण गोल ठेवा. बारीक किंवा धारेच्या खुंटीवर दोरा एकाच जागी दुमडतो आणि झिजतो. ठुशी किंवा चिंचपेटी अशा स्टँडवर टांगू नयेत. त्यांना गळ्याच्या आकाराची पाठ लागते आणि ते लेथचं काम नव्हे.

दागिने चढवण्याआधी

पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत स्टँड उघड्यावर ठेवा. चपडा दोन-तीन दिवसांत तयार होतो, पीयूला आठवडा द्या, अळशीच्या तेलाला तीन आठवडे. मोत्यांच्या नथीला अर्धवट सुकलेल्या पॉलिशची वाफ मानवत नाही. बैठकीखाली चिकटवायला लोकरीचं फेल्ट घेऊ नका. लोकरीत गंधक असतो आणि त्याने चांदी काळी पडते. रबरी पायांचंही तेच. सुती मखमल किंवा सिंथेटिक फेल्ट घ्या, बैठकीपेक्षा ४ मिलिमीटर आत कापा म्हणजे बाहेरून दिसत नाही, आणि कडेवर बोट दाबत नीट चिकटवा.